विकण्याआधी आजोबांची ट्रंक एकदा उजेडात उघडा

प्रश्न : माझे वय 37 असून मी ठाण्यात राहतो. गेली चार वर्षे मी साठच्या दशकातल्या रेकॉर्ड्स जमवत आहे. बीटल्सच्या पहिल्या एलपीचे, म्हणजे 'प्लीज प्लीज मी'चे, 1963 मधले मोनो फर्स्ट प्रेसिंग, म्हणजे अगदी पहिल्या छपाईची प्रत, आपल्याकडे असावे अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याने काळ्या-सोनेरी लेबलाची प्रत 650 पौंडांना देऊ केली आहे. तिचे तीन फोटो सोबत पाठवत आहे. एवढी रक्कम एकदम उभी करणे मला शक्य नाही. माझे आजोबा, आईचे वडील, गिरगावात राहत. त्यांच्या पश्चात सत्तरएक रेकॉर्ड्स एका पत्र्याच्या ट्रंकेतून आमच्याकडे आल्या. त्यांत मराठी भावगीते आणि नाट्यगीते यांच्या लहान ईपी आहेत, उस्ताद अमीर खाँ यांची मारवा-दरबारीची एलपी आहे आणि तळाशी 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्यांच्या, जुन्या जड तबकड्या आहेत. त्यांतल्या काही इंग्रजी असाव्यात, पण फुटतील या भीतीने मी त्या अजून बाहेर काढलेल्या नाहीत. बऱ्याच कव्हरांवर आजोबांनी निळ्या शाईने तारीख घालून सही केली आहे. एक व्यापारी वरवर चाळून सगळ्यांचे मिळून 25,000 रुपये देतो म्हणाला. कव्हरांवर लिहिलेले असल्यामुळे जास्त मिळणार नाहीत, असे त्याचे म्हणणे. आईला मी अद्याप विचारलेले नाही. ट्रंक विकून ती एलपी घ्यावी का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंपासून सुरुवात करतो, कारण तिथे मला काही निश्चित सांगता येते. दुसऱ्या फोटोत पहिल्या बाजूचे लेबल स्वच्छ आले आहे. तो फोटो मी पडद्यावर मोठा करून पाहिला. लेबल काळे आहे, अक्षरे सोनेरी आहेत, क्रमांक पीएमसी 1202 आहे. तेव्हा प्रत 1963 मधलीच आहे आणि विक्रेता त्याबाबत तुमची फसवणूक करत नाही. परंतु पहिल्याच गाण्याच्या नावाखाली, जिथे मॅकार्टनी-लेनन असे गीतकारांचे जोडनाव आहे तिथे, प्रकाशक म्हणून 'नॉर्दर्न साँग्ज' असे छापलेले दिसते. अगदी पहिल्या छपाईत त्या जागी 'डिक जेम्स म्यु. को.' असे होते. नॉर्दर्न साँग्ज ही प्रकाशन कंपनी फेब्रुवारी 1963 मध्ये स्थापन झाली, रेकॉर्ड 22 मार्चला बाजारात आली, आणि पहिली लेबले छापली गेली तेव्हा जुनेच नाव त्यांवर गेले. पुढच्या छपाईत ते दुरुस्त झाले. त्याच वर्षात पार्लोफोनने, म्हणजे ज्या नावाखाली ही रेकॉर्ड निघाली त्या कंपनीने, काळे-सोनेरी लेबलही सोडले आणि काळ्यावर पिवळी अक्षरे आणली. याचा अर्थ, तुम्हाला देऊ केलेली प्रत काळ्या-सोनेरी लेबलाची असली तरी दुसऱ्या टप्प्यातली आहे. ती जुनी आहे, चांगली आहे, हवीहवीशी आहे. पण ज्याला संग्राहक काटेकोरपणे फर्स्ट प्रेसिंग म्हणतात ते हे नव्हे, आणि त्या नावाची किंमत हिच्यासाठी मोजू नये.

हे केवळ शब्दांचे काटेकोरपण नाही हे पटावे म्हणून रेकॉर्ड कशी तयार होते ते थोडक्यात सांगतो. ध्वनिमुद्रणाच्या टेपवरून आधी लाखेसारख्या मऊ लेपाच्या चकतीवर खाच कोरली जाते. त्या चकतीवर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवून तिचा उलटा ठसा काढतात, त्या ठशावरून सुलट 'मदर' काढतात आणि मदरवरून पुन्हा उलटे 'स्टँपर' काढतात. प्रेसमध्ये जातो तो हा स्टँपर, आणि काही शे प्रती काढल्यावर तो झिजतो. एका मदरवरून अनेक स्टँपर निघतात, एका मूळ ठशावरून अनेक मदर निघतात. म्हणून लेबल आणि शेवटचे गाणे यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर जे बारीक आकडे आणि अक्षरे असतात, ती त्या विशिष्ट तबकडीची जन्मपत्रिका असते. इंग्लंडमधल्या ईएमआयच्या, म्हणजे पार्लोफोनच्या मालक कंपनीच्या, कारखान्यात ही नोंद फार शिस्तीने होत असे. रेकॉर्ड लेबल सरळ धरून समोर ठेवली, की घड्याळातल्या सहाच्या जागी मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे कोरलेल्या मूळ चकतीचा क्रमांक, दिसतो. या एलपीच्या पहिल्या बाजूवर तो एक्सईएक्स 421-1एन असा आहे. नऊच्या जागी मदरचा आकडा असतो. तीनच्या जागी स्टँपरचा क्रमांक असतो, तो आकड्यांत नव्हे तर अक्षरांत. ग्रामोफोन लिमिटेड या नावाच्या इंग्रजी संक्षेपातली जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ही दहा अक्षरे, त्यांत जी म्हणजे 1, आर म्हणजे 2, असे करत शेवटचे डी म्हणजे शून्य. 'जीआर' दिसले तर तो बारावा स्टँपर समजायचा. मला ही युक्ती पहिल्यांदा कळली त्या दिवशी मी घरातली प्रत्येक इंग्रजी एलपी खिडकीशी नेऊन पाहिली होती.

यात एक खाचखळगा आहे. मॅट्रिक्स क्रमांक 1एन असला की फर्स्ट प्रेसिंग, असे विक्रेते सर्रास सांगतात. ते अपुरे आहे, कारण त्याच 1एन ठशावरून डिक जेम्स लेबलाच्याही प्रती निघाल्या, नॉर्दर्न साँग्जच्याही निघाल्या आणि पिवळ्या अक्षरांच्या लेबलाच्याही निघाल्या. आपल्याकडे तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. इंग्लंडहून आलेल्या धातूच्या साच्यांवरून कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात ज्या इंग्रजी रेकॉर्ड्स छापल्या गेल्या, त्यांच्या पट्टीवरही मूळ इंग्लिश मॅट्रिक्स क्रमांकच असतो. लेबल, पट्टीवरचे आकडे आणि कव्हर या तिन्हींची साक्ष जुळली तरच निर्णय करावा. एकावर विसंबू नये.

आता ही प्रत घ्यावी का? विक्रेत्याने ती 'व्हीजी प्लस', म्हणजे 'व्हेरी गुड प्लस' या श्रेणीची, अशी वर्णिली आहे. त्याला विचारा, की ही श्रेणी नुसती डोळ्यांनी पाहून दिली आहे, की ऐकून दिली आहे. दोन्ही बाजूंच्या शेवटच्या गाण्याचा अर्धा-अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित करून पाठवायला सांगा, कारण झीज आधी आतल्या खाचांत ऐकू येते. आवाज चढला की तिथे खरखर आणि फाटलेपणा जाणवतो. मधल्या भोकाभोवती केसासारख्या रेषांचे जाळे दिसते का त्याचा जवळून फोटो मागवा, कारण रेकॉर्ड किती वेळा चाचपडत प्लेअरवर चढवली गेली ते त्या रेषा सांगतात. नऊच्या आणि तीनच्या जागचे आकडेही मागवा. त्यानंतर किंमत दुसऱ्या टप्प्याच्या प्रतीला साजेशी खाली येत असेल, टपाल आणि सीमाशुल्क धरून एकूण किती पडेल ते आधी कळत असेल, आणि तो पैसा तुमच्या बचतीतून उभा राहत असेल, तर घ्यायला माझी हरकत नाही. परंतु तुमची ओढ जर त्या दिवसाच्या आवाजाची असेल, 11 फेब्रुवारी 1963 रोजी चौदापैकी दहा गाणी ज्या स्टुडिओत एका दिवसात गायली गेली त्या खोलीच्या ताजेपणाची असेल, तर त्याच 1एन ठशावरची पिवळ्या लेबलाची स्वच्छ मोनो प्रत शोधा. ती पुष्कळ कमी पैशांत मिळते आणि कानाला तेच देते. ही एलपी लाखो घरांत गेलेली आहे. आज नाही घेतली तर पुढच्या वर्षी मिळेल, पाच वर्षांनीही मिळेल. पैसे तेवढे जास्त पडतील.

ट्रंकेच्या बाबतीत मात्र असे म्हणता येत नाही, आणि माझे खरे उत्तर तिच्याविषयी आहे.

तुमच्या पत्रावरून दिसते, की तुम्ही साठच्या दशकातल्या फर्स्ट प्रेसिंगच्या शोधात आहात. ज्या आजोबांनी गिरगावात राहून त्या दशकात, रेकॉर्ड दुकानात आली की घेतली, त्यांच्या ट्रंकेत दुसरे काय असणार? तुम्ही ज्याच्या मागे साता समुद्रांपार निघाला आहात, त्याच जातीची वस्तू तुमच्या घरात आहे आणि ती तुम्ही अजून पुरती पाहिलेलीही नाही. फरक इतकाच, की बीटल्सच्या प्रत्येक लेबलावर, प्रत्येक स्वल्पविरामावर, संग्राहकांनी पन्नास वर्षे अभ्यास केला आहे, तर आपल्याकडच्या भावगीतांच्या ईपीची पहिली छपाई कोणती आणि तिसरी कोणती, हे एका जागी लिहून ठेवलेले जवळपास नाही. पुस्तकात नाही म्हणून व्यापाऱ्याच्या भावात नाही. त्याने दिलेला भाव हा ट्रंकेच्या किमतीचा नव्हे, तर त्याच्या सवडीचा भाव आहे. मोजून पाहा, एका रेकॉर्डमागे तो जेमतेम साडेतीनशे रुपये देतो. आणि 78च्या तबकड्या तर त्याने पाहिल्याच नाहीत.

अमीर खाँसाहेबांची एलपी घ्या. एचएमव्हीचा ईएएलपी 1253 हा तिचा क्रमांक. 1960 मध्ये ती निघाली, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. 78च्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. इंदूरच्या या गायकाचा ख्याल इतका सावकाश उलगडे, की त्या साडेतीन मिनिटांत त्याची नुसती बैठक जमली असती. एलपीमुळे एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास जागा मिळाली आणि मारव्याचा तो अस्वस्थ, कोमल ऋषभावर रेंगाळणारा विस्तार पहिल्यांदा घराघरांत पोचला. या एकाच रेकॉर्डवर पुढच्या पिढीतल्या किती गायकांनी आपला कान घडवला याची गणती नाही. म्हणून ती पुन:पुन्हा छापली गेली, वर्षानुवर्षे छापली गेली, आणि क्रमांक बहुधा तोच राहिला. बाजारात ईएएलपी 1253 म्हणून जी प्रत पुढे येते ती 1960 मधली असेल किंवा त्यानंतर कितीतरी वर्षांनी काढलेली असेल. नुसत्या क्रमांकावरून सांगता येत नाही.

मग कशावरून सांगायचे? कव्हरच्या तळाशी आणि लेबलाच्या काठाने कंपनीचे नाव वाचा. साठच्या दशकात ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या नावात 'प्रायव्हेट' हा शब्द येतो. दशकाच्या अखेरीस कंपनी पब्लिक लिमिटेड झाल्यावर तो गळला. कव्हरचा पुठ्ठा, समोरच्या बाजूचा चकचकीत पापुद्रा, मागे कागद कसा दुमडून चिकटवला आहे, हे हाताला कळते. तबकडीचे वजन आणि तिच्या काठाची जाडी कळते. पण हे सगळे अंदाज आहेत; तुमच्याकडे याहून भक्कम पुरावा आहे, आणि तो व्यापाऱ्याने दोष म्हणून दाखवला.

तुमच्या आजोबांची निळी शाई. समजा त्या एलपीच्या कव्हरवर त्यांनी 1961 मधली तारीख घातली आहे. तर ती तबकडी 1961 नंतर छापलेली असूच शकत नाही. जगातल्या कोणत्याही तज्ज्ञाला लेबलाचा रंग बघून इतक्या खात्रीने बोलता येणार नाही. इंग्लंडात आणि अमेरिकेत, जिथे छपाईची प्रत्येक नोंद आधीच उपलब्ध आहे, तिथे कव्हरवरचे हस्ताक्षर म्हणजे डाग, हे मला समजते. आपल्याकडे, जिथे नोंदच नाही, तिथे मालकाची तारीख, दुकानाचा रबरी शिक्का, कव्हरात दुमडून राहिलेली पावती, पेन्सिलीने लिहिलेली किंमत, हीच नोंद. दुकानाच्या शिक्क्यावरून ती रेकॉर्ड कुठे विकली गेली ते कळते. ज्या दुकानांचे शिक्के त्या कव्हरांवर असतील त्यांतली बहुतेक आज राहिलेली नाहीत. काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउससुद्धा 2016 मध्ये बंद झाले. त्या सह्या खोडरबराने, स्पिरिटने किंवा आणखी कशाने पुसण्याचा विचार कृपा करून मनातही आणू नका.

सत्तरएक रेकॉर्ड्सपैकी बऱ्याच कव्हरांवर एकाच हातच्या तारखा आहेत, ही गोष्ट तर एका-एका तारखेहून मोठी आहे. त्या तारखांच्या क्रमाने रेकॉर्ड्स लावा. कोणत्या महिन्यातल्या प्रतीवर कोणत्या धाटणीचे लेबल आहे, कोणता पुठ्ठा आहे, काठावर काय छापले आहे, हे ओळीने दिसू लागेल, आणि आज कुठेही न मिळणारा असा एक तक्ता तुमच्या जमिनीवर मांडला जाईल. व्यापाऱ्याच्या हाती ही ट्रंक गेली, की चार दिवसांत त्या रेकॉर्ड्स चार गावांना जातील आणि तो तक्ता पुन्हा कधीही मांडता येणार नाही. मला तुमच्या पत्रात सर्वांत जास्त काळजी वाटली ती याची.

ईपींविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्या लहान आहेत म्हणून त्यांना कोणी मोजत नाही. सात इंची, 45 फेऱ्यांची, बहुधा चार गाण्यांची ती चकती मराठी भावगीताच्या ऐन बहराच्या काळात मध्यमवर्गीय घराला परवडणारी होती. एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन, एंजल ही नावे लेबलांवर वेगळी दिसली तरी भारतात ती एकाच कंपनीची होती, तेव्हा त्यांवरून पहिले-दुसरे ठरवू नका. मुख्य म्हणजे साठच्या दशकात 78च्या तबकड्या आपल्याकडे बंद झालेल्या नव्हत्या. चावीचे ग्रामोफोन हजारो घरांत होते, वीज नसलेल्या गावांत तर तेच होते, आणि म्हणून इंग्लंडने 78चा धंदा गुंडाळल्यावरही डमडमला त्या निघत राहिल्या. परिणामी एखादे भावगीत आधी 78वर आले आणि मागाहून अशाच दोन तबकड्यांची चार गाणी एकत्र करून ईपी निघाली, असे पुष्कळदा घडलेले आहे. अशा वेळी ईपी कितीही कोरी असली तरी त्या गाण्याची पहिली छपाई तळाशी पडलेली जड तबकडी असते. ट्रंकेतल्या ईपीवरचे गाणे 78वरही सापडते का, ते ताडून पाहा. पुढे कॅसेट आणि सीडीवर आलेली गाणी त्या काळात निघालेल्या सगळ्या गाण्यांपैकी काहीच आहेत; एखादे गाणे आज फक्त अशा प्रतींतच उरलेले असणे अजिबात अशक्य नाही.

सगळ्याच प्रती उत्तम अवस्थेत असतील अशी आशा मी तुम्हाला लावत नाही. त्या काळात घरोघरी सुटकेसप्रमाणे मिटणारे प्लेअर होते. त्यांच्या सुया आजच्या मानाने फार जड चालत आणि वर्षानुवर्षे बदलल्या जात नसत. आवडती रेकॉर्ड जितकी आवडती, तितकी ती झिजलेली. दुपारच्या उन्हात, किंवा संध्याकाळी टॉर्चचा झोत तिरपा पाडून पाहिले, की नीट राहिलेली खाच काळीभोर चमकते आणि झिजलेली राखाडी दिसते. राखाडी प्रतीला बाजारात भाव कमी येतो, हे खरे आहे. पण तारीख आणि लेबल यांचा पुरावा म्हणून ती तितकीच मोलाची राहते, तेव्हा ती बाजूला टाकू नका.

धुण्याबद्दल कळकळीची सूचना. विसाव्या वर्षी मला एका नातेवाइकांनी नाट्यगीतांच्या काही 78च्या तबकड्या दिल्या होत्या. त्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके होते म्हणून मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पहिलीच तबकडी पुसली. बोळा तपकिरी झाला. मला वाटले मळ निघतो आहे. प्रत्यक्षात तबकडीच निघत होती. 78ची तबकडी लाखेच्या मिश्रणाची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. जिथे बोळा फिरला तिथली चमक गेली, आणि सुई टेकवल्यावर गाण्याऐवजी वाळूचा आवाज आला. ती तबकडी मी अजून ठेवली आहे. तुम्ही डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून, मऊ फडक्याने, खाचेच्या दिशेने गोल पुसा, लेबल कोरडे राखा, साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसा आणि उभ्या ठेवून सावलीत वाळू द्या. 78 वाजवायची असेल तर तिची सुई वेगळी असते, एलपीच्या सुईच्या जवळजवळ तिप्पट रुंद. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी घासते आणि दोघींचे नुकसान होते. ट्रंकेत रेकॉर्ड्स एकावर एक आडव्या रचलेल्या असतील तर आजच उभ्या करा. ठाण्याच्या पावसाळ्यात पत्र्याच्या ट्रंकेत ओल धरते, तेव्हा त्यांना हवेशीर कपाटात, भिंतीपासून थोड्या दूर जागा द्या.

आता आईसाहेबांविषयी. तुम्ही त्यांना विचारलेले नाही, असे लिहिले आहे. कायद्याचे आणि हक्काचे जे काही असेल ते असो, पण या ट्रंकेविषयी ज्या व्यक्तीला सर्वांत जास्त माहिती आहे तिलाच तुम्ही अजून विचारलेले नाही, ही मोठी चूक आहे आणि ती दुरुस्त करणे सोपे आहे. साठच्या दशकात त्या लहान असतील किंवा शाळेत जात असतील. कोणती रेकॉर्ड दसऱ्याला आली, कोणती पाहुण्यांनी दिली, कोणती आजोबा कोणालाही हात लावू देत नसत, हे त्यांना आठवत असेल. एका सुट्टीच्या सकाळी त्यांच्यासमोर एक-एक कव्हर ठेवा आणि त्या जे बोलतील ते फोनवर ध्वनिमुद्रित करा. ज्या कव्हरांवर तारीख नाही त्यांतल्या काहींची तारीख अशी मिळून जाईल. आणि त्या जर म्हणाल्या की बाबांच्या रेकॉर्ड्स घरातून जायच्या नाहीत, तर हा प्रश्न तिथेच संपला, असे माना.

त्या विकायला तयार झाल्या, किंवा तुम्हाला जागेची खरोखरच अडचण असेल, तरीही ट्रंक उचलून देऊ नका. आधी प्रत्येक रेकॉर्डच्या चार गोष्टींचे फोटो काढा: दोन्ही लेबले, पट्टीवरचे आकडे, कव्हरची पुढची-मागची बाजू आणि आजोबांची तारीख. एका वहीत क्रमाने नोंद करा. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची जुनी संस्था आहे; 'द रेकॉर्ड न्यूज' या नावाने तिने वर्षानुवर्षे नियतकालिक काढले आणि भारतीय ध्वनिमुद्रिकांविषयी जी थोडी शिस्तबद्ध माहिती आज मिळते तिच्यातली पुष्कळ त्या अंकांत आहे. ते अंक मिळवून वाचा, आणि तुमची यादी अशा जाणकारांना दाखवा. मग जे विकायचे ते एकेक करून, नावानिशी विका. घरात एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती निघाल्या तर त्यांतली तारीख नसलेली आधी द्या. व्यापाऱ्याशी वाईटपणा घेण्याचे कारण नाही. आई यादी करते आहे, दिवाळीनंतर बोलू, एवढे त्याला पुरे आहे.

शेवटी तळाच्या 78. त्यांची भीती वाटणे रास्त आहे, पण त्या तिथेच दडपून ठेवल्याने अधिक तडकतात. ट्रंक जमिनीवर घ्या, शेजारी जाड चादर पसरा, वरच्या सगळ्या रेकॉर्ड्स काढून झाल्यावर एका वेळी एकच तबकडी दोन्ही हातांनी काठाला धरून सरळ वर उचला. एका हाताने एकच कड उचलून ओढू नका, आणि पाकिटाचा कागद चिकटला असेल तर तो तसाच राहू द्या. त्यांतल्या इंग्रजी तबकड्यांचे लेबल आधी वाचा. इंग्लंडमध्ये बीटल्सचे गाणे 78वर कधीच निघाले नाही, पण भारतात निघाले. डमडमला छापलेल्या त्या तबकड्या पार्लोफोनच्या आहेत, त्यांचे क्रमांक डीपीई या अक्षरांनी सुरू होतात, आणि तुम्ही ज्या देशातून एलपी मागवू पाहता तिथले संग्राहक त्या आपल्याकडे शोधत असतात. गिरगावातल्या भावगीतप्रेमी गृहस्थाने अशी तबकडी घेतली असण्याचा संभव कमी आहे, हे मला कबूल आहे. डीपीई या मालिकेत इतर गायकांच्याही तबकड्या आहेत. तरी एखाद्या लेबलावर ती तीन अक्षरे दिसली, तर ती तबकडी वाजवू नका, पुसू नका, उभी ठेवा आणि दोन्ही लेबलांचा फोटो काढून मला पाठवा.